कॉफीचा फायदा हवा असेल तर आधी वेळ, मग माप, साखर सगळ्यात शेवटी

"कॉफी तब्येतीला चांगली असते म्हणे" हे कानावर पडलं की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. काहीजण दिवसाला दोन कप वाढवतात. बाकीचे एखाद्या सोमवारी दूध-साखर एकदम बंद करून काळी कॉफी घशाखाली ढकलतात आणि गुरुवारपर्यंत कंटाळून सोडून देतात. दोघांचंही चुकतं ते क्रमात. कॉफीतून जे काही मिळण्यासारखं आहे ते बहुतेकदा कॉफीच्या आजूबाजूच्या गोष्टींत वाया जातं. गोळी कधी घेतली, जेवण कधी झालं, शेवटचा कप किती वाजता आणि पातेल्यात काय उकळलं, यावर बरंच ठरतं.

आधी अपेक्षा ठरवून घेऊ. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१७ साली दोनशेहून अधिक विश्लेषणांचा एकत्र आढावा आला होता. दिवसाला ३ ते ४ कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू, हृदयविकार आणि यकृताचे आजार कमी दिसले. टाइप २ मधुमेह आणि पार्किन्सनच्या बाबतीतही असंच चित्र आहे. मधुमेहाबाबत तर कॅफिन, म्हणजे तरतरी आणणारं द्रव्य, काढलेली कॉफी पिणाऱ्यांतही तोच कल दिसतो, म्हणजे श्रेय एकट्या कॅफिनचं नाही. पण हे जवळजवळ सगळे निरीक्षणावरचे अभ्यास आहेत. कॉफी पिणारे कमी आजारी दिसले याचा अर्थ कॉफीनेच त्यांना वाचवलं असा होत नाही. त्यामुळे जो पीत नाही त्याने औषध म्हणून सुरू करायची गरज नाही. हा लेख आधीपासून पिणाऱ्यांसाठी आहे.

## तयारी: तीन दिवसांची नोंद

काही बदलण्याआधी तीन दिवस नुसतं लिहून ठेवा. त्यातला एक दिवस सुट्टीचा असू द्या. काय प्यायलं, किती वाजता, किती चमचे साखर, आणि रात्री झोप कधी लागली. मोबाइलमध्ये लिहा नाहीतर कॅलेंडरच्या मागे. सोबत तुमच्या रोजच्या गोळ्यांची यादी आणि मागच्या तपासणीचा रिपोर्ट ठेवा. हिमोग्लोबिन आणि कोलेस्टेरॉल हे दोन आकडे लागतील.

नोंदीत चहा विसरू नका, बहुतेकांचा हिशोब तिथेच चुकतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेप्रमाणे १५० मिली ताज्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५. कोला, एनर्जी ड्रिंक आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं.

माझा एक साधा दिवस मोजला तो असा: सकाळी घरी एक इन्स्टंट, ऑफिसात मशीनच्या दोन, मध्ये दोन कटिंग, आणि संध्याकाळी माटुंग्याला उतरले म्हणून एक फिल्टर कॉफी. तीन इन्स्टंटचे साधारण १८०, कटिंगचे पन्नासेक, फिल्टरचे शंभरच्या आसपास. झाले ३३०. आणि मी सगळ्यांना सांगत फिरत होते, "मी दोनच कप घेते."

तपासा: तुमचा घरचा कप किती मिलीचा आहे? औषधाच्या मापाने किंवा बाळाच्या बाटलीने एकदा पाणी मोजून बघा. भेटवस्तूत आलेले मोठे मग बहुतेकदा ३०० मिलीपर्यंत जातात. तो एक कप नसतो, दोन असतात.

## टप्पा १: तुम्ही या यादीत आहात का?

गर्भवती असाल तर मर्यादा वेगळी आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्था दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानते. जागतिक आरोग्य संघटना ३०० च्या वर घेणाऱ्या गर्भवतींना कमी करायला सांगते. मी २०० धरायला सांगेन, आणि अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

छातीत धडधड, घबराटीचे झटके, न आवरलेला रक्तदाब, झोपेचा जुना त्रास किंवा घशाशी येणारं आंबट पाणी यातलं काही असेल, तर पुढचे टप्पे डॉक्टरांना विचारून करा. लहान मुलांना "दुधात जराशी" म्हणून देऊ नका.

बाकी निरोगी प्रौढांसाठी युरोपीय मर्यादा दिवसाला ४०० मिलिग्रॅम आहे, आपल्या पोषण संस्थेची ३००. मी ३०० चीच धरते, कारण आपल्याकडे कॉफीसोबत चहाही चालू असतो.

## टप्पा २: गोळ्या आणि जेवण, हे सगळ्यात आधी

हा टप्पा लोक पूर्ण वगळतात. मीही वगळला होता. लोहाच्या गोळ्या चार महिने न चुकता घेतल्या आणि हिमोग्लोबिन दोन्ही रिपोर्टांत जिथल्या तिथे. मग लक्षात आलं की लोकल पकडायच्या घाईत मी पोहे, कॉफी आणि गोळी असं सगळं दहा मिनिटांत उरकत होते. पोह्यांवर लिंबू पिळायचं, ज्याने लोह अंगी लागायला मदत होते, आणि लगेच वर कॉफी ओतायची, जी तेच लोह अडवते. गोळीचा काही दोष नव्हता.

१९८३ सालच्या एका प्रयोगात जेवणासोबत कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने तर ६४ टक्क्यांनी. पण मला कामाची वाटली ती पुढची गोष्ट: कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर काही फरक पडला नाही. तासाभरानंतर घेतली तर मात्र जेवणासोबत घेतल्याइतकंच नुकसान. म्हणजे "जेवणानंतर थोड्या वेळाने" हे आपलं घरोघरचं समाधान फारसं उपयोगाचं नाही. पोषण संस्था जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास सोडायला सांगते. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणानंतरचे मी दोन तास धरते.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर पूर्ण तास कॉफी नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीचंही तसंच: फक्त पाणी, आणि मग अर्धा तास काही नाही.

आमच्या घरी बसलेलं वेळापत्रक असं. पावणेसहाला आईची थायरॉइडची गोळी. पावणेसातला दोघींची कॉफी. आठला नाश्ता. लोहाची गोळी दुपारी, जेवणाच्या बऱ्याच आधी, म्हणजे थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतरही आपोआप पडतं.

थांबा: सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर शरीरातलं कॅफिन हळू उतरतं. नेहमीच्याच दोन कपांनी हात थरथरायला लागतात आणि माणसाला वाटतं तापाने थरथरतायत. कोर्स संपेपर्यंत एकच कप पुरे.

## टप्पा ३: शेवटच्या कपाची वेळ

कॅफिन अर्ध्यावर यायला सरासरी पाचेक तास लागतात. संध्याकाळी सहाला १०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री अकराला त्यातलं अर्धं अजून अंगात असतं. २०१३ च्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम घेतलेल्यांची झोप तासाहून जास्त कमी झाली. डोस मोठा होता हे खरं, पण अंतरही सहा तासांचं होतं.

सोपा हिशोब: झोपायच्या वेळेतून आठ तास वजा करा. अकराला झोपत असाल तर तीनच्या पुढे कॉफी नाही. "मला कॉफी पिऊनही लगेच झोप लागते" म्हणणाऱ्यांनी सकाळी उठल्यावर ताजं वाटतं का, ते लिहावं. झोप लागते, पण तुटक लागते.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत कॅफिन अर्ध्यावर यायचा वेळ जवळपास दुप्पट होतो. सिगारेट ओढणाऱ्यांत साधारण निम्मा. म्हणून ज्याने नुकतीच सिगारेट सोडली आहे त्याला पूर्वीचीच कॉफी अचानक जास्त वाटायला लागते. सिगारेट सोडताना कॉफीही कमी करा, नाहीतर सगळी चिडचिड सिगारेटच्या नावावर जमा होते.

आता नाजूक विषय. रात्री नऊला पाहुणे येतात आणि आपण जायफळ-वेलचीची कॉफी टाकतो. "जायफळ आहे ना, झोप छान लागेल." जायफळ घातल्याने कपातलं कॅफिन कुठेही जात नाही. वास जायफळाचाच हवा असेल तर नुसतं जायफळ-वेलचीचं दूध द्या, नाहीतर कॅफिन काढलेल्या पावडरीची छोटी बाटली घरात ठेवा. पाहुण्यांना कळत नाही. आमच्या आत्यांना दोन वर्षं कळलेलं नाही.

## टप्पा ४: माप उतरवणं

नोंदीतला आकडा ३०० च्या वर गेला असेल तर एकदम तोडू नका. कॅफिन अचानक थांबवलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट जातात आणि त्रास नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकतो. आठवडाभर ऑफिसच्या मशीनवर चार कप आणि रविवारी घरी एकच, अशांचं रविवारी दुपारी हटकून दुखणारं डोकं बहुतेकदा हेच असतं. नवरात्रात कॉफी सोडणाऱ्यांचंही तेच. खापर फुटतं उपासाच्या पित्तावर.

दर चार-पाच दिवसांनी अर्धा कप कमी करा, आणि सुरुवात दिवसातल्या शेवटच्या कपापासून. सकाळचा कप सगळ्यात शेवटी, लागलाच तर.

## टप्पा ५: पावडर घेताना

फायद्याचे अभ्यास कॉफीवरचे आहेत, चिकोरीवरचे नाहीत. चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळायची एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी असा नियम आहे, म्हणजे जवळपास निम्मी चिकोरी घालायला मुभा आहे. पाकिटावर टक्केवारी छापलेली असते. ती वाचा. चिकोरी काही वाईट नाही, रंग आणि दाटपणा देते आणि तिच्यात कॅफिन नसतं. पण काहींना तिने पोट फुगतं आणि ते कॉफीला दोष देत बसतात.

माटुंगा पूर्वेला किंवा चेंबूरला पावडर दळून देणाऱ्या दुकानात गेलात तर तो विचारेल, "चिकोरी किती?" तिथे गोंधळून "नेहमीसारखी" म्हणू नका. ८०-२० सांगा, म्हणजे ८० टक्के कॉफी. बिनचिकोरीची मागितलीत तर डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क, पातळ दिसेल, घाबरू नका. रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन जाती. रोबस्टामध्ये अरेबिकाच्या साधारण दुप्पट कॅफिन असतं, त्यामुळे झोपेचा प्रश्न असणाऱ्यांनी अरेबिका जास्त असलेलं मिश्रण मागावं.

पावसाळ्यात शंभर-दीडशे ग्रॅमच्या वर घेऊ नका. मुंबईच्या दमट हवेत उघडं पाकीट पंधरा दिवसांत गोळे धरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि कोरडा चमचा, एवढं पाळा.

थांबा: ऑफिसच्या मशीनमधलं तयार मिश्रण. त्याच्या पाकिटावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिला शब्द "साखर" असेल तर तुम्ही कॉफीच्या वासाचं सरबत पीत आहात, आणि त्याचा या लेखाशी संबंध नाही.

## टप्पा ६: कॉफी करणं

पावडर पातेल्यात उकळून गाळण्याने गाळली, तर कॉफीतलं कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य कपात येतं आणि त्याने वाईट कोलेस्टेरॉल (रिपोर्टमधलं एलडीएल) वाढतं. दांडा दाबून गाळायच्या फ्रेंच प्रेसचंही तेच. कागदी गाळणी हे द्रव्य बहुतांश अडवते. इन्स्टंटमध्ये ते मुळातच नगण्य असतं, हे इन्स्टंटला नाकं मुरडणाऱ्यांनी ऐकून ठेवावं.

स्टीलच्या फिल्टरची भोकं कागदाइतकं अडवत नाहीत. तुमचं कोलेस्टेरॉल ठीक असेल आणि दिवसाला एक-दोन कप असतील तर खुशाल स्टीलचा फिल्टर वापरा. रिपोर्टमध्ये वाईट कोलेस्टेरॉल चढं असेल तर कागदी फिल्टर लावायचा शंकू घ्या.

स्टीलच्या फिल्टरची कृती, दोघांसाठी:

१. वरचं भांडं खिडकीकडे धरून भोकं बघा. बुजली असतील तर भांडं चिमट्यात धरून तळ गॅसच्या ज्योतीवर क्षणभर फिरवा, अडकलेला चुरा जळून जातो. गार झालं की धुऊन कोरडं करा.

२. तीन शिगोशीग चमचे पावडर. भांडं हलकेच आपटून सपाट करा, दाबू नका. वर छत्री, म्हणजे फिल्टरसोबत येणारी दांडीवाली भोकांची चकती, ठेवा.

३. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी फक्त दोन-तीन चमचे पाणी गोल फिरवत घाला. पावडर फुगते आणि वास सुटतो. मग उरलेलं, साधारण १५० मिली, हळू ओता.

४. झाकण ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. वरून दाबायचा मोह होतो, त्याने गाळ खाली उतरतो.

५. दूध वेगळं तापवा. डिकॉक्शन कधीच उकळू नका, कडू होतं, आणि मग तो कडूपणा मारायला साखर वाढते.

तपासा: पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर दळण जाड आहे किंवा पावडर कमी पडली. अर्ध्या तासानेही वरच असेल तर दळण फार बारीक आहे किंवा तुम्ही दाबलंत.

आणि लगेच तोंडाला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये कॉफीला कर्करोगाच्या संशयित कारणांच्या गटातून बाहेर काढलं, पण त्याच वेळी ६५ अंशांवरची कुठलीही गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून नोंदवली. म्हणजे दोष पेयाचा नाही, चटक्याचा. उडप्याकडे डबरा-टंबलरमध्ये वरून खाली ओतून देतात त्याने फेसही येतो आणि कॉफीही निवते. घरी तेवढं कौशल्य नसेल तर चार-पाच मिनिटं थांबा. स्टीलचा पेला बोटांत आरामात धरता आला की प्या.

## टप्पा ७: आता साखर

साखर शेवटी का? कारण आधीचं सगळं नीट झालं की कॉफी कमी कडू लागते आणि साखर उतरवणं सोपं जातं. उलट्या क्रमाने करणारेच गुरुवारी सोडून देतात.

चमचाभर सपाट साखर म्हणजे चारेक ग्रॅम, शिगोशीग घेतली तर बरीच जास्त. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास असेल तर उत्तम म्हणते. आपली आवडती फेटलेली कॉफी आठवा: वाटीत दोन चमचे इन्स्टंट, चार चमचे साखर, थोडं पाणी, आणि हात दुखेपर्यंत घोटणं. तो सुंदर बदामी फेस बहुतांश साखरेचाच असतो. दोन कपांत वाटून घेतलात तरी दिवसाच्या साखरेतला मोठा वाटा सकाळीच संपला. पाहुण्यांसाठी ठेवा, रोजची नको.

दर आठवड्याला पाव चमचा कमी. चमचा तोच ठेवा, नाहीतर हात आपोआप मोठ्या चमच्याकडे जातो. दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला सहा आठवडे लागतील. जिभेला कळणार नाही इतक्या हळू उतरवायचं.

गूळ, मध, ब्राऊन शुगर घातल्याने काही साधत नाही, ती साखरच आहे. लिंबू पिळलेल्या कॉफीने चरबी वितळत नाही. कॉफीत तूप घालायचं खूळ आलं आहे त्यावर मी इतकंच म्हणेन, तूप पोळीवर लावा. दूध मात्र चालतं, फक्त अर्धं पेलाभर असू द्या, पेलाभर दुधात नावाला कॉफी नको.

## टप्पा ८: फरक पडला का?

एका वेळी एकच बदल करा आणि त्याला आठवडा द्या. सगळं एकदम बदललं तर झोप सुधारली ती वेळेमुळे की मापामुळे, हे कधीच कळणार नाही.

घरी रक्तदाब मोजत असाल तर आधीच्या अर्ध्या तासात कॉफी नको, आकडा फुगून येतो. फिल्टर बदलला असेल तर कोलेस्टेरॉल दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. लोहाच्या गोळीची वेळ बदलली असेल तर हिमोग्लोबिनलाही तेवढाच वेळ द्या. माझं तिसऱ्या रिपोर्टात हललं.

आणि उपाशीपोटीच्या तपासणीला "काळी कॉफी चालते ना, साखर नाहीये" असं म्हणून कोणी घेऊ नये. फक्त पाणी. रक्त घ्यायला सकाळी सातला घरी माणूस येणार असेल तर त्याला आधी मोकळं करा, मग फिल्टर भरायला घ्या. तो जिना उतरेपर्यंत पहिले थेंब पडायला लागलेले असतात.